दोन दिवस वाहतं पाणी

१९४१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात सँटी नदीवरच्या नव्या धरणात पाणी साठू लागलं. नदी अडवायची, तिचं पाणी कालव्याने शेजारच्या कूपर नदीकडे वळवायचं आणि मधल्या उतारावर वीज करायची, अशी ती योजना. महामंदीत हातचं काम गेलेल्या हजारो लोकांनी करवती आणि कुऱ्हाडी घेऊन तिथलं जंगल तोडलं. वस्त्या उठल्या, कबरी उकरून दुसरीकडे नेल्या गेल्या आणि मॅरियन व मोल्ट्री या नावांचे दोन विस्तीर्ण जलाशय तयार झाले. खालून नदीत चढून आलेले पट्टेरी बास मासे त्या जलाशयांत कोंडले गेले.

हा मासा समुद्राचा, वसंतात फक्त अंडी घालायला नदीत येणारा, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. परतीची वाट बंद झाली म्हणजे आतले मासे एकेक करून म्हातारे होतील, मरतील आणि विषय संपेल, असंच लोक धरून चालले होते. काही वर्षं गेली. तरीही जलाशयात गळ टाकणाऱ्यांना बास मिळत राहिले, आणि त्यांत धरण झाल्यानंतर जन्मलेले, कोवळ्या वयाचेही मासे होते. राज्याच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी माग काढला तेव्हा कळलं, की जलाशयाच्या वरच्या अंगाला काँगरी आणि वॉटरी या नद्यांमध्ये त्यांची वीण चालू आहे. समुद्राचा थेंबही न चाखलेली पिढी तिथे जन्मत होती, वाढत होती आणि पुन्हा अंडी घालत होती.

या बातमीचा अर्थ अमेरिकेने एका दमात लावून टाकला: या माशाला समुद्र लागत नाही, तो कुठेही राहतो. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या अर्थावर चालली. माझ्या मते तो अर्थ अर्धाच होता. उरलेला अर्धा भाग काँगरी आणि वॉटरी या दोन नद्यांच्या वाहत्या पाण्यात होता, आणि तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मी मेरीलँडमध्ये राहते. चेसापीक उपसागराच्या काठावरचं हे राज्य. अटलांटिक किनाऱ्यावरच्या पट्टेरी बासांपैकी बहुसंख्य याच उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये जन्म घेतात. इथे त्याला रॉकफिश म्हणतात, उत्तरेला न्यू इंग्लंडकडे स्ट्रायपर म्हणतात, आणि तो मेरीलँडचा राज्यमासा आहे. वॉशिंग्टनच्या मासळीबाजारात बर्फावर मांडलेला रॉकफिश मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाय आपोआप थबकले. लांबट, भरीव अंग. पाठ शेवाळी हिरवट, पोट पांढरं, आणि दोन्ही अंगांना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा. जवळून पाहिलं की कळतं, या रेघा खवल्यांच्या ओळींवरूनच जातात. मध्येच एखादी रेघ तुटते आणि वरच्या किंवा खालच्या ओळीवर पुन्हा सुरू होते. पाठीवर दोन पर, पुढचा काटेरी आणि मागचा मऊ, दोन्ही एकमेकांपासून सुटे. कल्ल्याच्या झाकणावर दोन बारीक अणकुचीदार काटे असतात. साफ करताना ते हमखास बोटात शिरतात. आमच्या घरी त्याचं आमसूल घालून कालवण होतं. मांस पांढरं, घट्ट आणि कालवणात न फुटणारं.

पेणच्या घरी असं मांस जिताड्याचं असायचं. पुढे जे लिहिणार आहे त्यात जिताडा पुन्हा येईल, कारण या दोन माशांचं नातं चवीपुरतं नाही.

आधी खाऱ्या-गोड्याचं. एकच मासा दोन्ही पाण्यांत राहतो हे आपण सहज म्हणून जातो, पण त्याच्या शरीराला यासाठी केवढी उलथापालथ करावी लागते! नदीत असताना त्याचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे बाहेरचं पाणी कल्ल्यांमधून सतत आत घुसत राहतं आणि अंगातलं मीठ बाहेर निसटत राहतं. तेव्हा तो पाणी जवळजवळ पीत नाही, मूत्रपिंडं भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकत राहतात, आणि कल्ल्यांमधल्या खास पेशी नदीच्या पाण्यातलं तुटपुंजं मीठ वेचून आत ओढतात. समुद्रात गेला की सगळं उलटं. आता बाहेरचं पाणी रक्तापेक्षा खारट, म्हणून अंगातलं पाणी शोषलं जातं. तो समुद्राचं पाणी पिऊ लागतो, मूत्र अगदी कमी करतो, आणि ज्या कल्ल्यांनी मीठ आत घेतलं तेच कल्ले आता जादा मीठ बाहेर फेकतात. नदीच्या मुखाशी, जिथे पाणी धड गोडं नाही आणि धड खारं नाही, तिथे थोडा काळ रेंगाळत मासा हा बदल पार पाडतो. अशी ताकद फार थोड्या माशांना असते, आणि पट्टेरी बास तिच्याच जोरावर एका आयुष्यात किती तरी वेळा ये-जा करतो. सामन माशांच्या अनेक जाती एकदाच नदी चढतात आणि अंडी घालून मरतात. हा मासा तीस वर्षंही जगू शकतो आणि वयात आल्यावर पुन्हापुन्हा नदी चढतो.

पण सगळेच समुद्रात जातात असंही नाही. चेसापीक प्रयोगशाळेतले डेव्हिड सेकोर यांनी हडसन नदीतल्या बासांच्या कानातले खडे तपासले. माशाच्या कानात चुनखडीचा बारीक खडा असतो, त्यावर वर्षागणिक वलय चढत जातं. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम हे मूलद्रव्य नदीपेक्षा जास्त असतं, आणि मासा ज्या पाण्यात राहिला त्याचा अंश त्या-त्या वर्षाच्या वलयात उतरतो. वलयं मोजत, स्ट्राँशियम मापत गेलं की माशाचा सगळा प्रवास हातात येतो. त्यात दिसलं, की एकाच नदीत जन्मलेल्या माशांपैकी काही आयुष्यभर नदीतच राहतात, काही मुखाजवळच्या मचूळ पाण्यात मुक्काम ठोकतात, आणि काही खुल्या समुद्रात जातात. वाढलेल्या माद्या उन्हाळ्यात पार मेनपर्यंत पोचतात आणि हिवाळ्यात व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ उतरतात. नर पुष्कळदा घराजवळच राहतात. दक्षिणेकडे, साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूच्या नद्यांमध्ये तर मूळचेच बास बहुतांशी नदीतच राहणारे. सँटीत कोंडलेल्या माशांनी इतक्या सहज जुळवून घेतलं, त्यामागे हेही असणार.

म्हणजे प्रौढ मासा कुठल्याही पाण्याशी जमवून घेतो. अंडं जमवून घेत नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा पसारा त्याच्याभोवतीचा.

एका एप्रिलच्या शेवटी मी एका सरकारी हॅचरीत गेले होते. आत माणसाच्या उंचीच्या मांडणीवर काचेच्या बरण्या ओळीने लावलेल्या. प्रत्येक बरणीत तळाशी पाणी सोडलेलं, ते वर चढून काठावरून वाहून जातं, आणि त्या चढत्या पाण्यात अंडी तरंगत, हळूहळू गोल फिरत असतात. मादीच्या पोटातून येतं तेव्हा अंडं मोहरीएवढं असतं. पाण्यात पडलं की फुगतं आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक होतं. आत तेलाचा एक पिवळसर थेंब, आणि डोळा लावून पाहिलं तर त्या थेंबाशेजारी वेटोळं होऊ लागलेला जीव. तिथल्या तंत्रज्ञाने मला दाखवण्यासाठी एका बरणीचा नळ किंचित आवळला. अंडी लगेच खाली उतरू लागली. तळाशी साचली, एकमेकांवर चढली, मघाशी सुटा फिरणारा प्रत्येक दाणा ढिगात दिसेनासा झाला. त्याने नळ पुन्हा सोडला आणि म्हणाला, असं जास्त वेळ ठेवलं तर ती गुदमरून मरतील.

पट्टेरी बासाचं अंडं पाण्यापेक्षा जराच जड असतं. तरंगत नाही, पण बुडायलाही वेळ लावतं. प्रवाह असेल तर ते मधल्या थरात लोळत, गडगडत पुढे जातं. पाण्याचं तापमान अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास असलं तर साधारण अठ्ठेचाळीस तासांत ते फुटतं. हे दोन दिवस त्याला वाहतं पाणी हवं. प्रवाह मंदावला की ते तळाच्या गाळात बसतं आणि प्राणवायूवाचून मरतं. मोठ्या मादीच्या पोटात चाळीस लाखांवर अंडी असतात, आणि ती पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन ती सोडते तेव्हा भोवती अनेक नर एकच झुंबड करतात. पाणी फेसाळतं, शेपट्या आपटतात. जुने कोळी या गडबडीला रॉकफिशची मारामारी म्हणत. झुंबड पांगली की आईबाप निघून जातात. तिथून पुढे अंड्यांची सगळी भिस्त नदीवर असते.

आता सँटीकडे परत जा. जलाशयातला बास वाचला तो जलाशयामुळे नव्हे. त्याच्यावर काँगरी आणि वॉटरी या नद्यांचा लांब मोकळा पट्टा शिल्लक होता, म्हणून अंड्यांना त्यांचे दोन दिवस मिळाले. ते मिळाले नसते तर जुनी समजूतच खरी ठरली असती. पण देशाने उचललं ते एवढंच, की मासा गोड्या पाण्यात राहतो. १९६० च्या दशकात साउथ कॅरोलायनातल्या माँक्स कॉर्नरच्या हॅचरीत रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन हवी तेव्हा अंडी घ्यायचं तंत्र बसवलं. त्याच हॅचरीत १९६५ मध्ये पट्टेरी बास आणि पांढरा बास यांचा संकर झाला. अमेरिकेतल्या हॉटेलांत वर्षभर जो मिळतो तो बहुधा हाच संकरित, शेततळ्यात वाढवलेला मासा. तंत्र हाती आल्यावर राज्याराज्यांनी आपापल्या धरणांत पट्टेरी बासाची पिल्लं सोडायला घेतली. नेवाडाच्या वाळवंटातल्या लेक मीडपर्यंत, समुद्रापासून शेकडो मैल आतल्या राज्यांपर्यंत तो पोचला. ओक्लाहोमा-टेक्ससच्या सीमेवरच्या टेक्सोमा जलाशयात त्याची वीण टिकली, कारण तिथेही वर रेड आणि वॉशिटा या वाहत्या नद्या होत्या. पण बहुतेक जलाशयांत तो मोठा होतो, वजन धरतो, गळाला झुंज देतो, आणि दर वसंतात अंडी घालायला धडपडून हरतो. दुसऱ्या वर्षी ट्रक येतो आणि नवी पिल्लं ओतून जातो.

उन्हाळ्यात तर प्रौढ माशांचेही हाल होतात. मोठ्या बासाला थंड पाणी लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये जलाशयाचा वरचा थर त्याला सोसवत नाही इतका तापतो, आणि खालच्या थंड थरातला प्राणवायू संपलेला असतो. मधल्या चिंचोळ्या पट्टीत मासे दाटी करून राहतात, खाणं तुटतं, अंगाने वाळतात, कधी मरून वर येतात. टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेचे चार्ल्स कुटंट यांनी १९८५ मध्ये या कोंडीचा सिद्धांत मांडला. पुढे चेसापीक उपसागरातही उन्हाळ्यात हीच कोंडी होत असल्याचं दिसत गेलं.

पेणला आमच्या शेजारी एक काका होते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराजवळ तळं असायचं आणि तळ्यात जिताडा. पावसाळ्यात खाडीतून आलेली बोटभर पिल्लं धरून आणायची, तळ्यात सोडायची, आणि दोन-तीन वर्षांनी पाहुणा आला, सण आला, की जाळं टाकायचं. तळं पावसाच्या पाण्याचं, पुष्कळदा चक्क गोडं. त्या गोड्या पाण्यात जिताडा मजेत वाढायचा. लहानपणी मी काकांना विचारलं होतं, दर वर्षी पिल्लं खाडीतून का आणायची, तळ्यातल्या माशांना पिल्लं का होत नाहीत? काका म्हणाले, "त्याला दर्याचं पानी लागतं, बाय."

काकांचं उत्तर बरोबर होतं. जिताडा हा पट्टेरी बासाचा उलटा आरसा आहे. त्याचं बालपण आणि तरुणपण खाडीत, नदीत, भातखाचरांच्या चरांत जातं, आणि वीण मात्र नदीमुखाशी, खाऱ्या पाण्यात. तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. बासाला वंश वाढवायला नदी लागते आणि याला समुद्र. पण एक गोष्ट दोघांची सारखी: दोघांनाही परक्या पाण्यात जगता येतं, आणि दोघांनाही तिथे घर करता येत नाही. खारेपाटातल्या माणसाला हे कळत होतं. तळ्यात मासा जगतो याचा अर्थ तळं त्याचं झालं असा त्याने कधी काढला नाही. भरती-ओहोटीची वाट खाडीपर्यंत उघडी राहिली तरच पुढच्या वर्षी तळ्यात सोडायला पिल्लं मिळणार, हे त्याच्या हिशेबात कायम होतं. अमेरिकेतल्या धरणांच्या हिशेबात ही ओळ फार उशिरा आली.

ती आली तेव्हा मात्र तिने मोठमोठ्या योजना अडवल्या. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसनकाठी स्टॉर्म किंग नावाचा डोंगर आहे. १९६२ मध्ये कॉन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीने तिथे प्रकल्प जाहीर केला: रात्री नदीचं पाणी पंपाने डोंगरावरच्या तलावात चढवायचं आणि दिवसा खाली सोडून वीज करायची. विरोध सुरू झाला तो डोंगराच्या देखणेपणासाठी. पण स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडचे लेखक रॉबर्ट बॉइल यांनी दाखवून दिलं, की पट्टेरी बासाची वीण नेमकी त्याच पट्ट्यात होते आणि तो पंप अंडी आणि पिल्लं गिळणार. मग अभ्यास झाला, आणि अभ्यासाने नुकसान किरकोळ ठरवलं. त्या गणितात एक मोठी चूक होती. नदी एकाच दिशेने वाहते, म्हणजे प्रत्येक अंडं पंपाच्या तोंडासमोरून एकदाच जाईल, असं धरलं होतं. हडसन तिथे भरती-ओहोटीची नदी आहे. पाणी खाली जातं, पुन्हा वर येतं, आणि तेच अंडं पंपासमोरून परत परत जातं. खाडीकाठच्या पोरालाही जे कळतं ते हिशेबातून सुटलं होतं. न्यायालयात हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९६५ च्या निकालाने सामान्य नागरिकांच्या संघटनेला निसर्गासाठी दाद मागण्याचा हक्क मिळाला, अमेरिकेतला पर्यावरण कायदा तिथून उभा राहिला असं मानतात, आणि अखेर १९८० मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला.

त्याच नदीच्या टोकाला, मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर, भराव टाकून वेस्टवे नावाचा महामार्ग करायचा होता. तिथलं पाणी निर्जीव असल्याचं सरकारी कागदांत लिहिलेलं. पाहणी झाली तेव्हा जुन्या, कुजक्या धक्क्यांच्या खांबांमध्ये पट्टेरी बासाची पिल्लं हिवाळा काढताना सापडली. न्यायाधीश थॉमस ग्रिसा यांनी परवानगी रोखली आणि १९८५ मध्ये योजना गुंडाळली गेली. जगातल्या सर्वांत महागड्या जमिनीपैकी एका जमिनीचा भराव बोटभर पिल्लांनी थांबवला, हे वाचताना मला आजही आनंद होतो.

या माशाने माणसाच्या साथीने केलेला सगळ्यात विलक्षण प्रवास १८७९ चा. लिव्हिंगस्टन स्टोन या मत्स्याधिकाऱ्याने न्यू जर्सीतल्या नेव्हसिंक नदीच्या परिसरातून लहान बास धरले, आगगाडीत घातले, वाटेत पाणी बदलत संपूर्ण खंड ओलांडला आणि उरलेले सुमारे एकशे तीस मासे कॅलिफोर्नियात कार्किनेझच्या सामुद्रधुनीत सोडले. १८८२ मध्ये आणखी तीनेकशे. एवढ्या मुठीभर माशांपासून वीस वर्षांत दहा लाख पौंडांवर वार्षिक मासेमारी उभी राहिली. कारण उघड आहे. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या लांब, वाहत्या नद्या, खाली मचूळ खाडी, पलीकडे समुद्र. अंड्याला हवं ते सगळं तिथे होतं. आता तिथे वेगळाच वाद आहे: हा परका मासा तिथल्या मूळ सामनची पिल्लं खातो. खातोच. पण सामनच्या नद्या धरणांनी आणि कालव्यांनी आटवून झाल्यावर सगळा दोष बासाच्या माथी मारणं मला न्यायाचं वाटत नाही.

आता चेसापीककडे येते, कारण काळजी इथली आहे. १९७३ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर व्यापारी मासेमारीत सुमारे दीड कोटी पौंड पट्टेरी बास उतरला. १९८३ पर्यंत तो आकडा पस्तीस लाखांवर आला. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने या एका माशासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १९८५ च्या जानेवारीत मेरीलँडने रॉकफिश धरण्यावर पूर्ण बंदी घातली. पिढ्यानपिढ्या उपसागरावर जगणाऱ्या कोळ्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ जाळी सुकत ठेवली. बंदी उठली ती १९९० मध्ये, तीही मोजूनमापून, आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं. मत्स्यव्यवस्थापनाची चांगली उदाहरणं द्यायची वेळ आली की लोक हे देतात, आणि त्यात खोटं काही नाही.

पण मेरीलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ १९५४ पासून दर उन्हाळ्यात नद्यांच्या ठरलेल्या जागी काठावरून जाळं ओढतात आणि त्यात आलेली त्या वर्षाची पिल्लं मोजतात. दर ओढीला सरासरी अकरा पिल्लं, असा इतक्या वर्षांचा हिशेब. २०२३ मध्ये ती सरासरी एकावर आली. २०२४ मध्ये दोन. २०१९ पासून एकही वर्ष जुन्या सरासरीला पोचलेलं नव्हतं. २०१९ मध्येच हा मासा पुन्हा अतिमासेमारीचा बळी ठरल्याचं जाहीर झालं होतं, पण या वेळी नुसती जाळी दोषी नाहीत. बासाची चांगली पिढी येते ती कडक थंडी आणि भरपूर पावसाच्या वसंतानंतर. हिवाळे ऊबदार झाले, वसंतात नद्यांना पाणी कमी आलं, की अंड्यांचे ते दोन दिवस आणि त्यानंतर पिल्लांना लागणाऱ्या बारीक प्लवकांचा बहर यांची गाठ पडत नाही. माद्या येतात, झुंबड होते, लाखो अंडी पडतात, आणि ऑगस्टच्या जाळ्यात एक पिल्लू येतं.

हवामान एका हंगामात बदलता येत नाही. नदीत पोचणाऱ्या माद्या मात्र वाचवता येतात, आणि तेच आपल्या हातात आहे. साडेपाच किलोची मादी आठ-साडेआठ लाख अंडी देते, पंचवीस किलोची चाळीस लाखांच्या वर. म्हणून २०२३ मध्ये समुद्रात मोठे मासे ठेवून घेण्यावर तातडीची मर्यादा आली. अठ्ठावीस ते एकतीस इंचांमधलाच एक मासा घरी न्यायचा, त्याहून मोठा सोडून द्यायचा. चेसापीकमध्ये २०२४ पासून ही मर्यादा एकोणीस ते चोवीस इंचांची. नियम दर वर्षी तपासून घ्यावे लागतात, कारण ते बदलतात.

मेरीलँड, व्हर्जिनिया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन धक्क्यावर गळ टाकणारी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. त्यांना माझी विनंती आहे. जिवंत किंवा कापलेलं आमिष लावणार असाल तर सर्कल हुकच वापरा. २०२१ पासून तो बंधनकारक आहे, आणि तो पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. भर उन्हाळ्यात, पाणी तापलेलं असताना, रॉकफिशच्या मागे जाऊ नका, कारण तेव्हा सोडलेला मासाही पुष्कळदा वाचत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये मोठी मादी लागली तर ती अंडी घालायला निघालेली किंवा घालून परतणारी आहे हे समजा. हात ओले करून धरा, शक्यतो पाण्यातच गळ काढा, फोटोसाठी तिला वर ताटकळत ठेवू नका, आणि सोडून द्या. कालवणाला चोवीस इंची मासा पुरतो.